राष्ट्रीय सुरक्षेसाठी आर्थिक विश्लेषण: गटप्रमुखाने कामाचा क्रम कसा लावावा (सराव सोलापूरच्या टॉवेलवर)

"अमुक वस्तूसाठी आपण तमुक देशावर ७० टक्के अवलंबून आहोत, म्हणून धोका मोठा आहे." आर्थिक सुरक्षेवरचे बरेच अहवाल या वाक्यापाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर काहीच करता येत नाही. पुरवठा उद्या थांबला तर पहिला कारखाना कितव्या दिवशी बंद पडेल, पर्याय कितव्या दिवशी हाती येईल आणि मधले दिवस भरून काढायला आज काय करावं लागेल, हे त्याला हवं असतं. टक्क्यापासून सुरुवात करा, पण उत्तर दिवसांत द्या.

पाच-सहा जणांचा गट घेऊन असं काम चालवणाऱ्यासाठी हा लेख आहे. सोलापुरात अर्थशास्त्र, वाणिज्य किंवा राज्यशास्त्र शिकणाऱ्यांनी सरावाला थेट सेमीकंडक्टर घेऊ नये. त्या विषयात विचारायला जवळ कोणी नसतं आणि अहवाल बातम्यांची गोळाबेरीज होऊन बसतो. टेरी टॉवेल (अंगावर सुताचे फासे असलेला) घ्या. सूत, रंगाई, माग, शिलाई, पॅकिंग हे सगळं अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि शहराच्या पूर्व भागात डोळ्यांनी पाहता येतं. हाच क्रम पुढे औषधांच्या कच्च्या मालाला, खताला किंवा मोटारीच्या चुंबकाला जसाच्या तसा लागू पडतो.

सुरू करण्यापूर्वीची तयारी

कामं वाटताना माणसामागे विषय देऊ नका, जबाबदारी द्या. एकाकडे व्यापाराचे आकडे, एकाकडे उत्पादनाची साखळी, एकाकडे प्रत्यक्ष भेटी, एकाकडे नोंदवही. पाचवा माणूस फक्त विरोधात वाचण्यासाठी राखून ठेवा. मधल्या चर्चांना त्याला बसवू नका, नाहीतर त्याचंही मत गटासारखं होतं.

नोंदवहीत प्रत्येक विधानासमोर चार रकाने हवेत: माहिती कुठून आली, कोणत्या तारखेची, प्रत्यक्ष पाहिलेली की ऐकलेली, आणि दुसरीकडून ताळा झाला की नाही. ही वही पहिल्या दिवशी उघडा. शेवटच्या आठवड्यात आठवून भरलेल्या वहीचा उपयोग होत नाही.

*सावध:* काम फक्त खुल्या माहितीवर करायचं. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ सरावालाही लागू असतो. दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सीमाशुल्क कायद्यात २०२२ साली कलम १३५एए आलं. आयात-निर्यातदाराने सीमाशुल्क विभागाला दिलेला मालाच्या किमतीचा, प्रमाणाचा तपशील परस्पर प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे कुणी कंपनीवार खेपांची यादी देऊ केली तरी ती अहवालात घालू नका. एकत्रित सरकारी आकड्यांवर काम भागतं.

टप्पा १: प्रश्न निर्णयापासून मागे आणा

"चीनचा धोका किती?" याला हवं ते उत्तर देता येतं, म्हणून तो प्रश्नच नाही. आधी विचारा: अहवाल कोण वाचणार, कोणत्या तारखेपर्यंत आणि त्याच्या हातात कोणते निर्णय आहेत? साठा करणं, शुल्क कमी करणं, पर्यायी पुरवठादाराला परवानगी देणं, किंवा काहीच न करणं. या निर्णयांमधून निवड करायला जे कळावं लागतं, तोच प्रश्न.

सरावासाठी असा प्रश्न चालेल: "रिॲक्टिव्ह रंगांच्या परदेशी कच्च्या मालाचा पुरवठा ९० दिवस थांबला तर सोलापुरातलं टॉवेल उत्पादन कोणत्या आठवड्यात थांबायला लागेल, आधी कोणाचं, आणि त्याआधी काय करता येईल?" (रिॲक्टिव्ह रंग म्हणजे सुती धाग्याशी रासायनिक बंध धरणारे रंग.) यात वस्तू, मुदत, जागा आणि कृती चारही आल्या.

*ताळा:* प्रश्न लिहून झाला की उत्तर 'हो' आलं तर काय कराल आणि 'नाही' आलं तर काय कराल, ते एकेका ओळीत लिहा. दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या तर प्रश्न बदला.

टप्पा २: वस्तू मुळापर्यंत उलगडा

बहुतेक गट इथे घसरतात, कारण ते पहिल्याच पायरीवर थांबतात. "रंग गुजरातहून येतो, म्हणजे देशी आहे" असं म्हणून रकाना बंद करतात.

टॉवेल खोलून पाहा. टेरी कापडात तीन सुतं असतात: जमिनीचा म्हणजे पायाच्या कापडाचा ताणा (उभं सूत), फासे उभे करणारा ताणा आणि बाणा (आडवं सूत). फाशांचं सूत वेगळ्या बीमवर (ताणा गुंडाळायच्या रुळावर) सैल सोडलेलं असतं, म्हणून ते जास्त लागतं. पुढे सुती धाग्याला रिॲक्टिव्ह रंग, रंगाच्या टाकीत मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट, सोडा ॲश, ब्लीचिंगला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कॉस्टिक, बॉयलरला इंधन, भरपूर पाणी, वीज, मागाचे सुटे भाग, शिलाईच्या सुया, खोकी आणि शेवटी कंटेनर.

आता यातला एकच धागा तळापर्यंत न्या. काळ्या पट्ट्यासाठी फार वापरला जाणारा रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ हा रंग एच-ॲसिड आणि व्हिनाइल सल्फोन या दोन मध्यवर्ती रसायनांपासून बनतो. एच-ॲसिड नॅप्थलीनपासून तयार होतं. व्हिनाइल सल्फोनचा मार्ग ॲसिटॅनिलाइडवरून ॲनिलीनकडे आणि तिथून बेंझिनकडे जातो. म्हणजे "देशी रंगा"च्या पोटात चार पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्याही पायरीवर परदेशी दुवा असू शकतो. डब्यावरचं नाव देशी आहे एवढ्यावरून साखळी देशी ठरत नाही.

किती खोल जायचं? ज्या पायरीवर पुरवठादार पुष्कळ आणि विखुरलेले दिसतात तिथे थांबा. जिथे पुरवठादार एक-दोनच उरतात तिथे लाल खूण करून आणखी एक पायरी खाली जा. सगळ्याच धाग्यांना तळ गाठायला लावलं तर महिना जातो आणि हाती तक्ता तेवढा राहतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर दोन दिवस घालवू नका.

कामांचा क्रमही नीट पाहा. नक्षीचा जॅकार्ड टॉवेल असेल तर आधी सूत रंगतं आणि मग मागावर चढतं. पांढरा विणून नंतर रंगवायचा असेल तर उलट. यावरून साठा कोणत्या रूपात पडून आहे ते कळतं. रंगाचा डबा रिकामा झाला तरी कोनांवर (सुताच्या शंकूसारख्या गुंडाळ्यांवर) आणि बीमवर रंगलेलं सूत असतं. ते कापडाचे दिवस वाढवतं आणि नेमकं हेच हिशेबातून सुटतं.

टप्पा ३: आकडे गोळा करा आणि त्यांची खोड मोडा

वस्तूंना आधी एचएस कोड (व्यापारातल्या वस्तूंचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) लावा, मग आकडे शोधा. सुती टेरी टॉवेल ६३०२६०, सुती ब्लँकेट ६३०१३०, किरकोळ विक्रीचं नसलेलं, ८५ टक्के किंवा अधिक कापसाचं सूत ५२०५, रिॲक्टिव्ह रंग ३२०४१६, माग ८४४६, मागाचे भाग ८४४८. सहा अंकांपर्यंतचा एचएस कोड जगभर सारखा असतो, भारतातला पूर्ण कोड आठ अंकी. भारताचे आकडे कोलकात्याच्या डीजीसीआयएसचे (व्यापाराची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयाचे) असतात आणि वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात माहितीपेढीत पाहता येतात. इतर देशांचे संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या माहितीपेढीवर मिळतात.

आकडे मिळवणं सोपं असतं. गफलत होते ती वाचताना, आणि ती साधारण ठरलेल्या जागी होते.

वर्ष. आपलं एप्रिल ते मार्च, कॉमट्रेडवर बहुधा जानेवारी ते डिसेंबर. दोन्ही एका तक्त्यात घातली तर नसलेली वाढ दिसते.

किंमत की वजन? रंगाचा भाव दीडपट झाला आणि माल तेवढाच आला, तरी रुपयांत आयात दीडपट दिसते. अवलंबित्व नेहमी किलोत मोजा, झळ रुपयांत.

मूळ देश. दुबई, सिंगापूर, हाँगकाँगमार्गे आलेला माल तिथला असेलच असं नाही. आकडा माल बनवणाऱ्या देशाचा आहे की पाठवणाऱ्या देशाचा, हे तळटीप वाचल्याशिवाय कळत नाही.

दोन बाजूंचा ताळा. एका देशाची निर्यात आणि दुसऱ्याची आयात हुबेहूब जुळणार नाही, कारण निर्यात बहुधा बंदरावरच्या भावाने लिहितात आणि आयातीत जहाजभाडं व विमा धरलेला असतो. थोडा फरक चालतो. फरक दुप्पट-तिप्पट असेल तर वाट वाकडी आहे किंवा कोड चुकला आहे.

कोडची उजळणी. एचएस कोड २०१२, २०१७ आणि २०२२ साली बदलले. दहा वर्षांची रेघ ओढण्यापूर्वी आपला कोड मध्येच फुटला किंवा दुसऱ्यात मिसळला का, ते बघा.

आणि दशलक्ष-लाखाचा घोळ. १ दशलक्ष म्हणजे १० लाख, १ कोटी म्हणजे १० दशलक्ष. एकच माणूस सगळे आकडे एका एककात आणेल असं ठरवून टाका.

पुरवठादार किती एकवटलेले आहेत हे पाहायला वाट्यांचे वर्ग करून बेरीज करतात. तीन देशांचे वाटे ६०, २५ आणि १५ टक्के असतील तर ३६०० + ६२५ + २२५ = ४४५०. एकच पुरवठादार असेल तर १०,०००. हा आकडा कोणत्या वस्तूकडे आधी बघायचं ते सांगतो, त्याहून जास्त काही नाही. चुंबकांचं उदाहरण घ्या. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. मोटारीच्या एकूण किमतीत त्या चुंबकांचा वाटा अगदी किरकोळ असतो, पण चुंबकाशिवाय मोटर फिरत नाही. रुपयांचा तक्ता लावणाऱ्याच्या यादीत अशी वस्तू कुठेतरी तळाला सापडते.

टप्पा ४: मागाजवळ जाऊन विचारा

कारखानदाराला "साठा किती आहे?" असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, आणि मिळालं तर खरं नसेल. साठा म्हणजे त्याची पत असते. असं विचारा:

- काळ्या रंगाची पुढची ऑर्डर साधारण किती दिवसांनी देता?
- ऑर्डर दिल्यापासून माल दारात यायला किती दिवस लागतात?
- मागच्या वेळी रंग मिळाला नाही तेव्हा काय केलंत?
- दुसऱ्या कंपनीचा रंग वापरायचा झाला तर खरेदीदाराला विचारावं लागतं का?

मालकाइतकंच रंगखात्याच्या मास्तरशी आणि सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराशी बोला. तुटवडा आधी दुकानदाराला कळतो. पूर्व भागात पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात. गटात तेलुगू येणारं कोणी असेल तर त्याला न्या, बोलणं मोकळं होतं.

*सावध:* कशासाठी विचारतो आहोत ते आधी सांगा. माणसाचं, कारखान्याचं आणि ग्राहकाचं नाव वहीतही लिहू नका, 'रंगाई, मध्यम, क्र. ३' अशी खूण पुरते. मोठे कारखाने दार लवकर उघडतात म्हणून सगळ्या भेटी तिथेच झाल्या तर अहवाल बिघडलाच म्हणून समजा. सहा भेटींपैकी किमान तीन लहान युनिटच्या असू द्या.

टप्पा ५: दिवसांचा हिशेब

हा सगळ्या कामाचा गाभा आहे. दोन आकडे काढायचे. तग-काळ म्हणजे पुरवठा थांबल्यावर काम किती दिवस चालेल. सावर-काळ म्हणजे पर्याय प्रत्यक्ष टाकीत पडायला किती दिवस लागतील.

रीत समजावी म्हणून घेतलेले आकडे पाहा. एका रंगाई खात्यात काळा रंग ९०० किलो आहे आणि रोज ३० किलो लागतो: ३० दिवस. कोनांवर आणि बीमवर रंगलेलं सूत ६ दिवसांचं. तग-काळ ३६ दिवस.

आता पर्याय. नवा पुरवठादार शोधून नमुना मागवायला ७ दिवस. त्या रंगात छटा जुळवून खरेदीदाराची मंजुरी घ्यायला २१. ऑर्डर आणि वाहतूक १२. पहिली खेप रंगवून धुण्याची चाचणी ३. सावर-काळ ४३ दिवस. तूट ७ दिवसांची.

या सात दिवसांवर अहवाल उभा राहतो, म्हणून प्रत्येक तुकडा हलवून बघा. सगळ्यात लांब तुकडा मंजुरीचा आहे, रंगाचा नाही. म्हणजे एका पर्यायी रंगाची छटा आजच मंजूर करून ठेवली तर २१ दिवस वाचतात आणि तूट उरतच नाही. साठ्यावर पैसे घालण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. टक्क्यांच्या तक्त्यातून हा उपाय कधीच निघाला नसता.

मग सरासरीकडे या. दहा युनिट आहेत. दोघांकडे ९०-९० दिवसांचा साठा, आठ जणांकडे १५-१५ दिवसांचा. सरासरी ३० दिवस. "महिनाभर चिंता नाही" असं लिहिलंत आणि सोळाव्या दिवशी आठ ठिकाणचे माग थांबले. सरासरी काढा, पण अहवालात सगळ्यात लहानाचा आणि मधल्याचा आकडा लिहा. लहान युनिटमध्ये मागावरचं काम थांबलं की घरातली मिळकत त्याच आठवड्यात थांबते. सुरक्षेच्या दृष्टीने ही झळ कारखान्याच्या तोट्याइतकीच मोजायची असते.

*सावध:* रोजचा वापर संकटात तसाच राहत नाही. बातमी आली की ज्याच्याकडे पैसा आहे तो दुप्पट ऑर्डर देतो आणि लहानाच्या वाट्याचा मालही उचलला जातो. हिशेब दोनदा करा, नेहमीच्या खरेदीचा आणि धास्तीच्या खरेदीचा.

टप्पा ६: पुरवठा का थांबला? निदान चार कारणं मांडा

माल थांबला की "मुद्दाम थांबवला" हे पहिलं मनात येतं. २१ मार्च २०१९ ला चीनच्या जियांगसू प्रांतात श्यांगश्वे इथल्या रसायन कारखान्यात स्फोट झाला, ७८ माणसं गेली, आणि रंगांच्या मध्यवर्ती रसायनांचा पुरवठा आक्रसून भाव चढले. तो अपघात होता. उलट २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा त्यातल्या २५ टक्क्यांचं कारण रशियन तेलाची खरेदी असं उघड सांगितलं होतं. तेल रिफायनरीत उतरलं आणि झळ टॉवेलच्या ऑर्डरला बसली. दबाव एका वस्तूवर आणि मागणी दुसऱ्याच गोष्टीची असू शकते, म्हणून आपल्या वस्तूच्या बाजारातच कारण शोधत राहू नका.

कागदावर आडवी कारणं लिहा: मुद्दाम दबाव, तिथलीच टंचाई, अपघात किंवा प्रदूषणामुळे बंदी, जहाजवाहतुकीची अडचण. उभे पुरावे लिहा. प्रत्येक चौकटीत 'जुळतो' किंवा 'जुळत नाही'. सगळ्याच कारणांशी जुळणारा पुरावा खोडून टाका, तो काही सांगत नाही. ज्या कारणाविरुद्ध सर्वांत कमी पुरावे उरतात ते वर ठेवा. एक साधी खूण: माल सगळ्याच देशांना थांबला असेल तर टंचाई किंवा अपघाताकडे झुकतं, फक्त आपल्यालाच थांबला असेल तर दबावाकडे.

टप्पा ७: शक्यतेचे शब्द ठरवून घ्या

"शक्यता नाकारता येत नाही" हे वाक्य अहवालात येऊ देऊ नका. त्यातून वाचणाऱ्याला ५ टक्केही समजतात आणि ६० टक्केही. अमेरिकी गुप्तवार्ता यंत्रणांच्या मानकातली पट्टी मराठीत अशी वापरता येते: ५ टक्क्यांपर्यंत जवळजवळ अशक्य, ५ ते २० फार कमी, २० ते ४५ कमी, ४५ ते ५५ निम्मी-निम्मी, ५५ ते ८० जास्त, ८० ते ९५ फार जास्त, त्यापुढे जवळजवळ नक्की. पट्टी अहवालाच्या सुरुवातीलाच छापा.

शक्यता आणि खात्री वेगळ्या लिहा. "तुटवड्याची शक्यता जास्त, आमची खात्री कमी, कारण लहान युनिटचे साठे तीनच ठिकाणी पाहिले." दोन्ही एका वाक्यात कालवले की कोणती बाजू कच्ची आहे ते वाचणाऱ्याला कळत नाही.

टप्पा ८: विरोधी वाचन

राखून ठेवलेल्या पाचव्या माणसाला मसुदा आणि नोंदवही द्या, पूर्ण एक दिवस द्या. त्याने एवढंच गृहीत धरायचं: सहा महिने झाले आहेत आणि हा अहवाल साफ चुकीचा ठरला आहे, तर कशामुळे? निदान पाच कारणं लेखी हवीत. त्यातल्या दोनांना तरी मसुद्यात उत्तर द्या किंवा त्यांच्यामुळे निष्कर्ष बदला. गटप्रमुखाने या बैठकीत शेवटी बोलावं. तो आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात.

टप्पा ९: लिहा एक पान, जोडा बाकीचं

पहिल्या परिच्छेदात उत्तर, दिवसांसह. दुसऱ्यात ते कशावर उभं आहे. तिसऱ्यात दोन-तीन पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि लागणारा वेळ. चौथ्यात नजर ठेवायच्या खुणा: दुकानात रंगाचा भाव सलग दोन आठवडे चढणं, उधारीची मुदत कमी होणं, पुरवठादाराने अर्धीच ऑर्डर पाठवणं. तक्ते आणि कोड परिशिष्टात. पद्धत कशी वापरली हे पहिल्या पानावर सांगत बसू नका.

*ताळा:* विषयाशी संबंध नसलेल्या कुणाला ते पान दोन मिनिटं वाचायला द्या आणि काढून घ्या. "कितव्या दिवशी, कोणाचं, आणि आज काय करायचं" हे त्याला सांगता आलं नाही तर पान पुन्हा लिहा.

टप्पा १०: ३० आणि ९० दिवसांनी वही उघडा

अहवाल देण्याच्याच दिवशी त्यातला प्रत्येक अंदाज वेगळ्या पानावर उतरवा: काय होईल, कोणत्या तारखेपर्यंत, किती टक्के शक्यता. तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी त्याच माणसांनी बसून समोर 'झालं' किंवा 'नाही झालं' लिहायचं. चुकलेल्या प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक कारण नोंदवा: आकडा चुकला, साखळीतला दुवा सुटला, की हेतू ओळखता आला नाही. एकच कारण तीनदा आलं तर पुढचा विषय घेण्याआधी गटातली त्या कामाची जबाबदारी दुसऱ्याकडे द्या.